खाटेवरच्या वडीलधाऱ्यांची पाठ रोज बघा

आयुष्यभर रापण ओढलेले आपले कितीतरी जण आज पक्षाघाताने खाटेला खिळलेत. एकाच कुशीवर पडून माकडहाड, खुबा, टाच इथलं रक्त अडतं, कातडी मरते. आधी लाल डाग दिसतो. सावळ्या अंगावर तो काळसर, गरम लागतो. दाबून फिका होत नसेल, तर जखम सुरू झाली समजा. तिथे चोळू नका, हळद भरू नका. दर 2 तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा, ओली चादर लगेच काढा. जेवणात मासळी, अंडं, डाळ हवीच. कातडी फुटली, वास आला, ताप चढला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि सभासदांना आम्ही एवढंच सांगतो: रात्रीची पाळी एकट्या सुनेवर टाकू नका. रापण सगळ्यांनी मिळून ओढतात, हेही तसंच.