विवाह-छायाचित्रणातील नवोदितांची साधननिवड : कॅमेरा आणि लेन्स

प्रस्तावना :

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काहीजण उपजीविकेसाठी विवाह-छायाचित्रणाकडे वळतात. गाठीशी थोडी पुंजी, उरलेली रक्कम कर्जाऊ आणि समोर असंख्य प्रारूपांनी भरलेली बाजारपेठ अशा अवस्थेत त्यांचा पहिला प्रश्न ‘कॅमेरा कोणता घ्यावा’ हा असतो. अनेकदा तो ओळखीच्या प्राध्यापकांपुढेच मांडला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न उलट्या क्रमाने विचारला जातो. लग्नाचे छायाचित्र प्रथम लेन्सवर अवलंबून असते, त्यानंतर फ्लॅशवर आणि सर्वांत शेवटी कॅमेऱ्याच्या किमतीवर.

कार्यालयातील प्रकाश :

अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना हार घालतात, तो प्रसंग काही सेकंदांत संपतो. त्याच वेळी अक्षतांचा वर्षाव होत असतो, मामा मागे उभे असतात, आप्तजन पुढे सरसावतात. पुन्हा एकदा हार घाला, असे सांगता येते. परंतु मग मिळते ते अभिनयाचे छायाचित्र. हा क्षण बहुधा मंगल कार्यालयाच्या मंद, मिश्र प्रकाशात टिपावा लागतो.

नवशिक्याच्या कॅमेऱ्यासोबत सामान्यतः १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ ही लेन्स मिळते. चेहरा जवळ आणण्यासाठी ती ५५ मिमीवर नेली की तिचे ॲपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/२.८ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते, तर एफ/१.८ ची जवळजवळ दहापट. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जेथे पहिल्या लेन्सला १/५० सेकंद लागतो, तेथे एफ/२.८ वर १/२०० सेकंद पुरतो. १/५० सेकंदात हार घालणारे हात पुसट होतात. १/२०० वर ते बऱ्याच अंशी स्थिर दिसतात. महागड्या कॅमेऱ्यावर हीच मंद लेन्स लावली तर आयएसओ वाढवून काही भरपाई होते, तथापि खर्चाच्या मानाने ती अल्प ठरते.

दिव्यांचाही विचार आवश्यक आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. परंतु वेगवान शटरवर, विशेषतः मिररलेस कॅमेऱ्याच्या निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटरवर, छायाचित्रात आडवे पट्टे उमटतात. अशा सभागृहात यांत्रिक शटर वापरून १/१०० वर उतरणे श्रेयस्कर होय. विधीच्या वेळी आवाज नको या सद्हेतूने निःशब्द शटर निवडणारे याच ठिकाणी फसतात.

लेन्सची निवड :

एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी १७-५० मिमी, एफ/२.८ या स्वरूपाची झूम लेन्स आणि फुल-फ्रेमसाठी २४-७० किंवा २८-७५ मिमी, एफ/२.८ ही लेन्स नवोदिताचा मुख्य आधार मानावी. सिग्मा व टॅमरॉन यांच्या अशा लेन्स कॅमेरा-कंपन्यांच्या स्वतःच्या लेन्सपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. बोहल्यावर मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे रुंद टोक अपरिहार्य ठरते.

जोडीला ५० मिमी, एफ/१.८ ही अल्पमोली लेन्स असावी. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिचा दृष्टिकोन फुल-फ्रेमवरील ७५ ते ८० मिमी इतका अरुंद होतो. हळदीच्या वेळचे किंवा पाठवणीचे चेहरे टिपण्यास तो योग्य आहे. मात्र दोन मीटरवरून एफ/१.८ वर फोकसची खोली अवघी १० ते १२ सेंटीमीटर राहते. वधूच्या मुंडावळ्यांवर फोकस बसला आणि तिने मान वळवली, तर डोळे मऊ पडतात. पंगतीच्या किंवा कुटुंबाच्या गटचित्रासाठी तर हे ॲपर्चर मुळीच वापरू नये.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. म्हणून याच लेन्सची जुनी ‘डी’ आवृत्ती त्यांवर स्वयंचलित फोकस करत नाही, ‘जी’ आवृत्ती करते. किमतीतील फरक पाहून ‘डी’ घेणाऱ्याला हे बोहल्यापाशीच उमगते. ७०-२०० मिमी, एफ/२.८ ही सुमारे दीड किलोची लेन्स पहिल्या हंगामात विकत घेऊ नये. ती मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्याने मिळते.

फ्लॅश कॅमेऱ्यासोबतच घ्यावा, आणि त्याचे डोके फिरणारे असावे. पांढऱ्या छतावरून परावर्तित केलेला प्रकाश चेहऱ्यावर सौम्य पडतो. परंतु छताला लाल-पिवळे कापड असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो, आणि उघड्या लॉनवर परावर्तनाला छतच नसते. जागा आदल्या दिवशी पाहून ठेवणे म्हणूनच साधननिवडीचाच भाग समजावे.

कॅमेरा :

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत मेगापिक्सेलला अग्रस्थान असते. अल्बमच्या १२ × १८ इंची पानाला इंचामागे ३०० बिंदू या हिशेबाने सुमारे १ कोटी ९४ लाख बिंदू लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ही गरज भागवतो. खरा भेद मेमरी कार्डाच्या जागांत आहे. दोन कार्डे बसत असतील तर प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन्हींवर नोंदवता येते. प्रारंभिक श्रेणीतील बहुतांश कॅमेऱ्यांत ही सोय नाही. निकॉन डी७५० (२०१४) आणि सोनी ए७ थ्री (२०१८) यांत ती आहे; २०१८ च्याच निकॉन झेड६ आणि कॅनन ईओएस आर यांत मात्र एकच कार्ड बसते. कार्ड बिघडले तर छायाचित्रकाराचे मानधन बुडेल, पण त्या कुटुंबाचे जे बुडेल त्याची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही. एका कार्डाचाच कॅमेरा परवडत असेल, तर लहान क्षमतेची अनेक कार्डे बदलत राहावे आणि कार्यालयातच लॅपटॉपवर प्रत घ्यावी.

कॅनन व निकॉन यांचे नवे डीएसएलआर कॅमेरे २०२० नंतर आलेले नाहीत. नवे संशोधन मिररलेसमध्ये होत आहे. तथापि नवोदितासाठी यातून लाभच होतो, कारण व्यावसायिकांनी विकलेले उत्तम डीएसएलआर आणि लेन्स जुन्या बाजारात उपलब्ध आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी सर्वश्रुत आहे. जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडले याचा आकडा पाहावा. डी७५० च्या शटरची चाचणी दीड लाख आवर्तनांपर्यंत झालेली आहे. एका लग्नात दोन हजार चित्रे धरली तर ती ७५ लग्ने होतात.

आर्थिक बाजू :

या व्यवसायाचे उत्पन्न मुहूर्तांशी बांधलेले आहे. चातुर्मासात बहुतेक घरांतून लग्ने होत नाहीत. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र त्या चार महिन्यांतही भरावाच लागतो. नव्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी घेतलेले कर्ज अनेकदा याच काळात जड होते, आणि मग प्रथम लेन्स विकली जाते. त्यापेक्षा जुना कॅमेरा, एफ/२.८ ची झूम, ५० मिमी आणि फ्लॅश एवढ्यावर एक हंगाम अनुभवी छायाचित्रकाराचा सहायक म्हणून काढणे अधिक सुज्ञपणाचे होय. प्रत्येक चित्राच्या फाईलमध्ये ते कोणत्या नाभीय अंतरावर घेतले याची नोंद असते. हंगामाच्या अखेरीस, अल्बमसाठी निवडल्या गेलेल्या चित्रांपुरत्या त्या नोंदी पाहाव्यात. बहुतेक चित्रे झूमच्या रुंद टोकाशी अडकलेली असतील तर पुढची लेन्स अधिक रुंद घ्यावी, लांब टोकाशी असतील तर ८५ मिमीचा विचार करावा.