अम्मीचा सहावा ग्लास

रमजान आला की अम्मीचे सरबताचे सहा ग्लास माळ्यावरून उतरतात. ‘बेल्जियमचे आहेत,’ ती सांगायची. यंदा निरखून पाहिले. पाच ग्लासांच्या अंगावर बारीक उभी शीर, नक्षीच्या कडा बोटाला गोलसर. म्हणजे साच्यात दाबलेली काच. बुडाला शिक्का नाही. त्यामुळे बेल्जियमचे, की १९०८ मध्ये सुरू झालेल्या तळेगावच्या पैसा फंड कारखान्याचे, सांगता येत नाही. सहाव्याला शीर नाही, नक्षी धारदार. ती चाकावर कापलेली. तो खारदांड्यातल्या शेजारच्या कोळी मावशींचा. इफ्तारीचं सरबत पाठवलेला ग्लास त्यांच्याकडे फुटला, तेव्हा बदल्यात दिलेला. सर्वांत भारी काच तीच. मावशींनी कधी बोलून दाखवलं नाही. काल त्यांच्या सुनेकडे सरबत त्याच ग्लासातून गेलं.