घंटेवर हात

नसरापूरला बनेश्वराच्या देवळात एक पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा मराठ्यांच्या हाती लागलेल्या घंटांपैकी ही एक, असं मानतात. कुठलीही घंटा वाजवून लगेच तिच्यावर पंजा ठेवून बघा. नाद जागच्या जागी बसतो. हाताने आवाज अडवलेला नसतो. धातूची थरथर हाताच्या मऊ मांसात शिरून जिरलेली असते. मोटारीतला आवाज कमी करण्याचं निम्मं शास्त्र एवढंच आहे. उरलेल्या निम्म्यात असे आवाज येतात, की त्यांच्यावर कितीही हात ठेवा, ते दाद देत नाहीत. लोकांचे पैसे बुडतात ते तिथे.

माझ्या एका मित्राचे बुडाले. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची, बुटकी, कडक सस्पेन्शनची एक जुनी हॅचबॅक आहे. ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हटलं की काही वाचक हसतील, पण आपल्याकडच्या नोकरदाराच्या आवाक्यातली स्पोर्ट्‌स कार बहुतेक अशीच असते. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली, तेव्हा पुण्यातल्या पोरांनी तिलाच स्पोर्ट्‌स कार म्हणून डोक्यावर घेतलं होतं. मित्राच्या गाडीला आधीच्या मालकाने ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर बसवला होता. शहरात मजा यायची. हायवेला लागून पाचव्या गिअरमध्ये ऐंशीच्या आसपास स्थिरावलं, की आत असा घुमारा धरायचा की खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत मागे बसलेल्याचं कपाळ दुखू लागे.

तो एका दुकानात गेला. तिथे दारांना, फरशीला, डिकीला, टपाला, दिसेल त्या पत्र्याला थरथर जिरवणारी डॅम्पिंग शीट चिकटवून दिली. बिल घसघशीत झालं. गाडी तीसेक किलोंनी जड झाली. दार लावलं की महागड्या गाडीसारखा ‘धप्प’ आवाज येऊ लागला, आणि तो ऐकून मित्र दोन दिवस खुशीत होता. तिसऱ्या दिवशी हायवेला लागला. घुमारा होता तिथेच होता.

कात्रजच्या मागच्या बाजूला सायलेन्सरचं वेल्डिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी गाडीखाली डोकं घालून एका वाक्यात निकाल दिला, “शीट कितीबी लावा, घुमायचं ते घुमणारच. ते पत्र्याचं न्हाई, ते हवेचं हाय.”

काकांचं हे वाक्य आकड्यांत मांडता येतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा स्फोट करतं. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला चाळीस, म्हणजे सेकंदाला ऐंशी धक्के: ८० हर्ट्‌झचा खर्ज. हवेत या खर्जाच्या एका लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास भरते, अर्धी लाट दोन मीटरच्या थोडी वर. आता हॅचबॅकच्या समोरच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत टेप लावा. अंतर साधारण तेवढंच. म्हणजे गाडीची आतली पोकळी त्या एका सुराला बासरीसारखी लागते. गिअर बदलून फेरे तीन हजारांवर नेले की सूर सुटतो आणि घुमारा एकदम विरतो. ही खूण लक्षात ठेवावी. जो आवाज ठरावीक फेऱ्यांवर येतो आणि पुढेमागे नाहीसा होतो, तो रस्त्याचा नव्हे.

फ्री-फ्लोमध्ये हा खर्ज का माजतो, तेही पाहण्यासारखं आहे. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत जातो आणि लाटा एकमेकींवर आपटून मरतात. फ्री-फ्लोमध्ये भोकं पाडलेली एक सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर. लोकर तीक्ष्ण, फाटका आवाज छान पिते. ८० हर्ट्‌झ मात्र तिच्या जाडीला जुमानत नाही. लोकर, फोम, फेल्ट ही शोषणारी मंडळी काम करतात ती लाटेच्या पाव लांबीच्या हिशेबाने. ८० हर्ट्‌झला पुरेसा आवर घालायचा तर फोम एक मीटर जाड हवा. गाडीत मग बसायचं कुठे?

यावरचा उपाय काकांनी केला आणि तो बघायला मी मुद्दाम थांबलो. मुख्य पाइपला एक फांदी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद करायचं. लाट त्या आंधळ्या गल्लीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि परत येईस्तोवर मुख्य लाटेच्या बरोब्बर उलट्या पायावर असते. दोघी एकमेकींना खातात. फांदीची लांबी लाटेच्या पाव हिश्श्याइतकी हवी. गोम इथे आहे. थंड हवेच्या हिशेबाने ही लांबी एक मीटरपेक्षा जराशी जास्त येते. पण एक्झॉस्टमधला वायू थंड नसतो. तीनशे अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे ४८० मीटर धावतो, म्हणजे फांदी दीड मीटर लागते. काकांना सूत्र ठाऊक नव्हतं. त्यांनी नळी आधी लांबच ठेवली, टोकाला बूच सरकवत सरकवत गाडी चालवून पाहिली, आणि घुमारा बसला तिथे टाका मारला. तंबोरा लावणाऱ्याची रीत यापेक्षा फार वेगळी नसते.

घुमारा गेल्यावर, तोवर त्याच्याखाली दबलेले बाकीचे आवाज वर आले. हे नेहमी होतं, कारण डेसिबलची बेरीज आपल्या बेरजेसारखी नसते. टायरचा आवाज ७५ डेसिबल आणि एक्झॉस्टचा ६५ असेल, तर मिळून १४० होत नाही, जेमतेम साडेपंच्याहत्तर होतो. अशा वेळी एक्झॉस्ट पुरता बंद केला तरी कानाला पत्ता लागत नाही. म्हणून आधी सर्वांत मोठा आवाज कोणता ते शोधायचं, त्याला धरायचं, मग पुढचा. गाडीभर एकदम शीट चिकटवणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता सगळी औषधं देणं.

आणि आवाज शोधायला भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांसारखी प्रयोगशाळा नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. आवाज मोजण्यासाठी तिथे खास शोषक भिंतींची दालनं आहेत. पण ती आपल्यासाठी नाहीत. आपल्याला कात्रजचा बोगदा आहे, चेलाडी फाटा आहे. बोगद्यात काच चार बोटं उघडली की गाडी बाहेर काय बोलते ते भिंती परत ऐकवतात. हायवे गुळगुळीत, तिथे इंजिन ऐकू येतं. फाट्यावरून आत वळलं की नसरापूर, आंबवणे, करंजावणे, मार्गासनी, विंझर असं करत वेल्ह्यापर्यंत रस्ता जात बदलत जातो: कुठे नवं काळं कार्पेट, कुठे डांबर उडून वर आलेली खडी, कुठे गावातून जाणारं काँक्रीट. वेग तोच, फेरे तेच, आणि पुढचं चाक खडीवर चढल्या क्षणी आतला आवाज चढतो. हा आवाज टायरचाच, शंका घ्यायला जागा नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी क्षणभर नुसती घरंगळू द्यावी. उरेल तो आवाज चाकांचा. (घाटात हा उद्योग करू नये. पाबे घाटात तर नकोच.)

खडीवरच्या या आवाजाची दोन रूपं आहेत. एक, ‘सर्रर्र’ असा, हजार हर्ट्‌झच्या आसपासचा. टायरच्या नक्षीतले ठोकळे रस्त्यावर आपटतात, नक्षीच्या खाचांत हवा दबते आणि सुटते. दुसरं, खालच्या पट्टीतलं ‘घों’. टायरमधल्या हवेचा घेर साधारण पावणेदोन मीटर, त्यामुळे ती २०० हर्ट्‌झच्या आसपास स्वतःच घुमते, आणि रुंद टायर, कडक बुश, दणकट सस्पेन्शन असलं की ती थेट बॉडीत चढते. काही परदेशी कंपन्या टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवतात, ती याच ‘घों’साठी. युरोपात टायरच्या लेबलवर आवाजाचा आकडा छापावा लागतो, पण तो रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या कानाचा. आत बसलेल्याला त्यावरून फारसं कळत नाही.

मित्राच्या गाडीला आधीच्या मालकाने एक इंच मोठी रिम आणि पापडासारखे पातळ टायर घातले होते. ते काढून कंपनीच्या मापाचे, जरा जाड बगलेचे टायर घातले, हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरली. शीटच्या बिलाच्या मानाने या बदलाने कानाला जास्त दिलं. मागच्या चाकांच्या कमानी आतून उघड्या पत्र्याच्या होत्या, खडे ताशासारखे वाजायचे. तिथे आधी शीट आणि तिच्यावर जाड फेल्ट बसवलं. शीट खरी लागते ती इथे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, तसा शीटचा भार पत्र्याचा आवाज खाली ओढतो. वर शीटचं रबर थरथर जिरवतं. पत्रा सगळा झाकावा लागतच नाही, पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. बोटाच्या पेराने टकटक करत जायचं, जिथे डब्यासारखं वाजेल तिथे मधोमध चिकटवायचं.

सर्वांत स्वस्त काम सर्वांत शेवटी सुचलं. डिकीच्या कोपऱ्यात वायरी जाण्यासाठी भोक होतं, त्याचं रबरी बूच गायब. मागच्या दाराचं बिडिंग एका बाजूला चपटं झालेलं. एक चौरस मीटर पत्र्यात तळहाताएवढं, म्हणजे शंभरातला एक भाग, भोक राहिलं, तर पत्रा कितीही जाड घ्या, वीस डेसिबलपलीकडे तो आवाज अडवू शकत नाही. मित्राने त्या कोपऱ्यात शीटचे दोन थर लावून घेतले होते, आणि शेजारी भोक उघडं.

कायद्याला गाडीच्या आत काय वाजतं याच्याशी घेणं नाही. तो बाहेरचं बघतो: पन्नासच्या वेगाने आलेली गाडी पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनसमोरून नेतात, आणि नव्या मोटारीला ७४ डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाचा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही रविवारी सकाळी वेल्ह्याकडे जे ताफे येतात, त्यांच्यातल्या कित्येक गाड्यांना आतून शीट असते आणि बाहेर फ्री-फ्लो. स्वतःचे कान वाचवायचे आणि गोंगाट विंझरच्या गोठ्यात सोडायचा, हा व्यवहार मला पटत नाही. काकांची फांदी मला आवडली ती त्यामुळेही: ती खर्ज पाइपातच मारते, आतही आणि बाहेरही. एवढं करूनही, मूळ सायलेन्सर मिळत असेल तर तोच परत बसवावा असं माझं मत आहे. मित्राला ते मान्य नाही.

त्याचंही अगदीच चुकत नाही. स्पोर्ट्‌स कार मुकी केली तर घ्यायची कशाला? बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ गाडीत इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरमधून ऐकवला होता, कारण केबिन इतकी शांत झाली होती की चालवणाऱ्याला करमेना.

कापूरहोळवरून भोर, भोरवरून वरंध घाटाच्या तोंडापर्यंत आम्ही त्या गाडीत शेवटची फेरी मारली. भोरच्या बाजारात वीसच्या वेगाने जाताना कोणी मान वळवून पाहिलं नाही. गावाबाहेर एका गतिरोधकावर पोट खरवडलं आणि नव्या फांदीचा टाका शाबूत आहे का ते बघायला उतरावं लागलं, शाबूत होता. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गळा मोकळा केला, तो ऐकू आला आणि छान वाटला. मित्राने मोबाइलमध्ये पुढची नोंद केली: डाव्या आरशापाशी शिट्टी, नव्वदच्या वर. वाऱ्याचं ते प्रकरण निराळं आहे, आणि त्याला हे रस्ते कामाचे नाहीत. इथे नव्वद होतच नाही.