राबते हात आणि खातीं तोंडें

बैलजोडी विकत घेतांना शेतकरी प्रथम तिचे दांत पाहतो. वय कळल्यावांचून तिच्या अंगांत किती वर्षांचें काम शिल्लक आहे, याचा अंदाज बांधतां येत नाहीं. कुटुंबाचेंही तसेंच आहे. घरांत दहा माणसें आहेत एवढ्यावरून त्या घराची स्थिति कळत नाहीं. त्यांपैकीं राबणारीं किती, पोरें किती व थकलेलीं किती, हें विचारावें लागतें. जें घराला लागू, तेंच देशालाही लागू. देशाची लोकसंख्या किती, याची चर्चा वर्तमानपत्रांतून नित्य चालते. पण त्या लोकसंख्येची वयवारी कशी आहे, या प्रश्नाकडे आमच्या शेतकरी बंधूंचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लोकसंख्येचे अभ्यासक यासाठीं एक सोपें गणित करतात. पंधरा ते चौसष्ट वर्षें वयाचीं माणसें कामाच्या वयाचीं धरावयाचीं. पंधरा वर्षांखालील मुलें आणि पासष्ट वर्षांचे व त्यावरील वृद्ध यांस त्यांच्यावर अवलंबून असलेले समजावयाचें. कामाच्या वयाच्या दर शंभर माणसांमागें असे अवलंबित किती, या आकड्यास अवलंबितांचें प्रमाण म्हणतात. समजा, एका घरांत थकलेले आजोबा व आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि पांच ते दहा वर्षांचीं चार मुलें आहेत. राबणारीं चार व अवलंबित सहा. म्हणजे शंभरांस दीडशें हें प्रमाण झालें. दहा वर्षांनीं चारही मुलें पंधरा वर्षांचीं अगर त्याहून मोठीं झालीं आणि आजोबा-आजी हयात असले, तर राबणारीं आठ व अवलंबित दोन. प्रमाण शंभरांस पंचवीस इतकें उतरलें. घर तेंच, शेत तेंच, माणसेंही तींच. केवळ वयें वाढलीं आणि घराची दशा पालटली.

हें गणित स्थूल आहे, हें आम्ही जाणतों. सत्तरीचा शेतकरी भल्या पहांटे पिकाला पाणी द्यावयास जातो, आणि वीस वर्षांचा मुलगा अद्याप कॉलेजांत शिकत असतो. शिवाय आईबापांस भार म्हणणें आमच्या जिवावर येतें. तथापि देशाचा हिशेब मांडतांना असें कांहीं माप घ्यावेंच लागतें.

हें प्रमाण कालांतरानें कसें चढतें-उतरतें, याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानचें आहे. कारण तेथें हा सर्व फेरा एका माणसाच्या आयुष्यांत पुरा झाला. महायुद्धानंतर सैनिक घरोघर परतले, आणि १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत दर सालीं सुमारें २७ लक्ष मुलें जन्मलीं. १९५० सालीं तेथील दर शंभर माणसांत ३५ मुलें, जवळजवळ ६० कामाच्या वयाचीं माणसें व फक्त ५ वृद्ध होते. अवलंबितांचें प्रमाण शंभरांस सुमारें ६८ पडत होतें, आणि तें बहुतेक सारें मुलांचें होतें.

पुढें जन्माचें मान झपाट्यानें घसरलें. १९४७ सालीं जपानांत एका स्त्रीस सरासरी साडेचार मुलें होत. १९५७ पर्यंत हा आकडा दोनावर आला. १९४८ च्या कायद्यानें कांहीं अटींवर गर्भपातास मुभा मिळाली होती, संततिनियमनाचा प्रसार होत होता, आणि थोडीं मुलें नीट शिकवावीं अशी आईबापांची दृष्टि बनत चालली होती. परिणाम असा झाला कीं, युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी १९६२ च्या सुमारास कामाच्या वयांत आली, तेव्हां तिच्यामागें पोसावयाचीं मुलें थोडीं, आणि पुढें सांभाळावयाचे वृद्धही थोडेच होते. ईशान्येकडील खेड्यांतून शाळा संपवून निघालेलीं पंधरा वर्षांचीं मुलें खास आगगाड्यांनीं टोकियोच्या कारखान्यांकडे जात. कारखानदार त्यांस 'सोन्याचीं अंडीं' म्हणत. १९९० पर्यंत अवलंबितांचें प्रमाण शंभरांस ४४ पर्यंत उतरलें होतें. जपानच्या भरभराटीस इतर अनेक कारणें होतीं. पण राबते हात पुष्कळ आणि खातीं तोंडें थोडीं, हें त्यांतील लहान कारण खास नव्हे.

परंतु ती मोठी पिढीही म्हातारी व्हावयाचीच होती. इकडे जन्माचें मान आणखी घटून २००५ सालीं एका स्त्रीमागें सव्वा मुलावर आलें. तिकडे आयुर्मान वाढलें; १९४७ सालीं तें पुरुषांचें ५० व स्त्रियांचें ५४ वर्षें होतें, तें २०२० सालीं अनुक्रमें ८१ व ८७ च्या वर गेलें. त्या २०२० सालीं दर शंभर जपानी माणसांत १२ मुलें, साठांस थोडीं कमी कामाच्या वयाचीं माणसें व जवळजवळ २९ वृद्ध होते. अवलंबितांचें प्रमाण पुन्हां शंभरांस ६८ झालें.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. १९५० सालीं ६८ आणि २०२० सालींही ६८. मग सत्तर वर्षांत बदल तो काय झाला? बदल हा कीं, १९५० सालीं एका वृद्धामागें सात मुलें होतीं. २०२० सालीं एका मुलामागें जवळजवळ अडीच वृद्ध होते. पहिला भार उभ्या पिकाचा होता. त्यावर खर्च करावा, तों कांहीं वर्षांत तें हातीं येतें. दुसरा भार पेवांतल्या धान्यावर पडतो. सुगीच्या दिवसांत जेवढें सांठविलें असेल, तेवढ्यावरच पुढें निभावावें लागतें. एकच आकडा सुबत्तेच्या आधीं येतो आणि ओढीच्या काळींही येतो. म्हणून केवळ आकडा न पाहतां तो कोणाचा बनला आहे, हें पाहिलें पाहिजे. जपाननें १९६१ सालीं सर्व नागरिकांस वृद्धवेतन व आरोग्यविमा लागू केला, म्हणजे सुगी असतांनाच पेव भरावयास घेतलें. तरीही आज त्या देशास हा खर्च जड जात आहे.

सर्वांत कठीण वेळ आली ती शेतीवर. तरुण शहरांत गेले ते गेलेच. मुख्यतः शेतीच करणाऱ्या जपानी माणसांचें सरासरी वय २०२० सालीं ६७ वर्षांच्या वर होतें, आणि त्यांची संख्या चौदा लक्षांहूनही कमी उरली होती. २०१५ सालीं तेथें चार लक्ष हेक्टरांहून अधिक जमीन पडीत टाकलेली आढळली. जमीन नापीक झाली नव्हती. ती कसणारे हात थकले होते.

आतां आपल्याकडे वळूं. १९९२-९३ च्या पाहणींत भारतांत एका स्त्रीस सरासरी ३.४ मुलें होत. २०१९-२१ च्या पाहणींत हा आकडा २ वर आला. महाराष्ट्रांत तर तो याच काळांत २.९ वरून १.७ वर उतरला आहे. २०११ च्या खानेसुमारींत साठीच्या पुढील माणसें भारतांत शंभरांस नऊहून कमी, पण महाराष्ट्रांत जवळजवळ दहा होतीं. याचा अर्थ असा कीं, जपान १९६० नंतर ज्या सुगींतून गेला, ती सुगी आज आपल्या दारीं आहे, आणि तीही कायमची नाहीं. त्यांतही ज्या गांवांतून तरुण मंडळी पुण्या-मुंबईस जाते, त्या गांवांस म्हातारपण देशाच्या आधींच गांठणार.

सुगी आपोआप पदरांत पडत नाहीं. हात असून त्यांस काम नसेल, तर कागदावर प्रमाण चांगलें दिसूनही घर उपाशीच राहील. म्हणून आमची सूचना अशी कीं, घरांत राबते हात पुष्कळ आहेत तोंवरच विहीर, बांधबंदिस्ती व जमिनीचा कस यांवर खर्च करावा. मुलींस व मुलांस सारखेंच शिकवावें. शेतीचे व्यवहार तरुणांच्या हातीं वेळींच सोंपवावे, म्हणजे त्यांचें मन शेतींत रमेल. नोकरदारास वृद्धवेतन असतें, शेतकऱ्यास तें स्वतःच योजावें लागतें. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या व अठरा ते चाळीस वर्षांच्या शेतकऱ्यांसाठीं केंद्र सरकारनें २०१९ सालीं किसान मानधन योजना सुरू केली. तींत दरमहा ५५ ते २०० रुपये भरल्यास साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे आहेत. अशा योजनांची माहिती प्रत्येकानें करून घ्यावी.

बैलाचे दांत आपण घेतांनाच पाहतों, तो थकल्यावर पाहत नाहीं. आपल्या घरांतील माणसांचीं वयें एका कागदावर मांडून, वीस वर्षांनीं त्यांत राबणारे किती व बसून खाणारे किती असतील, हा हिशेब आमचे वाचक याच हंगामांत करतील, अशी आम्हांस आशा आहे.