कोकणची हवा तुम्हाला मानवेल का?

बदलीचा आदेश आला, शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली. घरात पहिला प्रश्न येतो, "तिकडची हवा मुलांना मानवेल का?"

आधी कारण समजून घेऊ. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि कोकणात धो धो पाऊस पडतो. म्हणून रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. घाटापलीकडे सोलापुरात ८०० सुद्धा होत नाही.

पण खरी परीक्षा पावसापेक्षा दमट हवेची असते. सोलापुरात ४० अंशांतही घाम लगेच वाळतो, अंगाला गारवा मिळतो. इथे ३२ अंशांत घाम वाळतच नाही, जीव कासावीस होतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, वह्या-पुस्तकांना बुरशी धरते. घरात कुणाला दमा असेल तर ही बुरशी त्रास देऊ शकते, म्हणून डॉक्टरांशी आधी बोला. भाड्याचं घर बघताना भिंतींची ओल नक्की तपासा.

बाकीच्यांनी सुती कपडे वापरावेत, घरात वारं खेळतं ठेवावं. पायाला जखम असेल तर मुलांना साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नका, लेप्टोचा धोका असतो. आणि एक पूर्ण पावसाळा काढल्याशिवाय "मानवत नाही" असं ठरवू नका.