बुडालेल्याचा श्वास आणि आपले हात



गळीत संपले की आपली मंडळी गणपतीपुळ्याला निघतात. वाटेत आरे-वारेचा समुद्र दिसला की गाडी थांबतेच. तिथेच जुलै 2025 मध्ये एकाच कुटुंबातील चौघे बुडाले. विहिरी-कालव्यावरही असे घडते, म्हणून हे चार शब्द.

सरीत पाणी तुंबले की वाफसा जातो, मुळे गुदमरतात. माणसाचेही तसेच. फुप्फुस हवेतला प्राणवायू रक्तात सोडते, हृदय ते रक्त पंपासारखे अंगभर फिरवते. या पंपालाही झडपा असतात. मेंदूपाशी मात्र शिल्लक काही नसते. प्राणवायू तुटला की चार-पाच मिनिटांत त्याला इजा होऊ लागते.

बुडालेल्याला घागरीवर पालथे घालून पोट दाबताना आम्हीही पाहिले आहे. ते बंद करा. त्याने ओकारी श्वासनळीत जाते, आणि वेळ जातो तो वेगळाच. श्वास नसेल तर उताणे निजवा, हनुवटी उचला, नाक धरून तोंडाने पाच फुंका द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताने दोन इंच खोल दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर 30 दाबांनंतर 2 फुंका. तोवर दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.