मुक्या जनावरांचा आश्रय चालतो कसा?

पांजरपोळ म्हटला की म्हाताऱ्या गाई, कडब्याच्या पेंढ्या आणि दारातील दानपेटी एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या सभासदांत या कार्यासाठी सढळ हाताने देणारे अनेक आहेत. परंतु आत काय चालते हे विचारणारे थोडे. म्हणून ही माहिती.

मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला व दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाला. आमच्या ग्वाल्हेरीत लाल टिपारा येथे महापालिकेची मोठी गोशाळा आहे. रस्त्यावर सोडलेली हजारो गुरे तेथे राहतात. २ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे रोज शंभर टन शेणापासून गॅस करणाऱ्या कारखान्याचे उद्‌घाटन झाले. शेणाला मोल आले. पण भाकड गाय सोडून देणाऱ्या मालकास अद्याप लाज आली नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा गाईचे दुखणे बहुधा पोटात असते. भाजीची साले आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारतो व सराफ्याच्या कोपऱ्यावर टाकतो. गाय पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. पहिल्या पोटात त्याचा गोळा होतो. पोट फुगलेले दिसते, म्हणून लोक गाय धष्टपुष्ट समजतात. वस्तुतः ती उपाशी असते. डॉक्टरांना डाव्या कुशीतून पोट उघडून तो गोळा काढावा लागतो.

कुत्र्यामांजरांची तऱ्हा वेगळी. आलेले जनावर प्रथम काही दिवस इतरांपासून दूर ठेवतात, कारण एकाचा रोग साऱ्या आश्रयात पसरू शकतो. मग गोचिडी काढणे, जंताचे औषध, लसी आणि नसबंदी. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. (मात्र ज्याला चावले त्याने दहा दिवस वाट पाहावयाची नसते! जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर इलाज जवळजवळ नाहीच. आमच्या वर्गातील मुलांना हे आम्ही पाढ्यांसारखे पाठ करवितो.)

नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात. त्याला मूळ गल्लीतच सोडण्याचा नियम आहे, कारण जागा रिकामी राहिली की तेथे लस न टोचलेली दुसरी कुत्री येतात. शाळा, इस्पितळे, स्थानके यांच्या आवारापुरता अपवाद सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केला. तेथून नेलेल्या कुत्र्यांना कायमचा आश्रय हवा, म्हणजे खर्चही कायमचा.

घर देण्याजोगे जनावर मागणाऱ्यास आश्रयाचे लोक प्रश्न फार विचारतात. घर भाड्याचे आहे काय? मालकाची परवानगी आहे काय? लग्नकार्यासाठी गावी गेलात तर याला कोण जेवू घालील? काहींना हा अपमान वाटतो. मुलाच्या हट्टापायी नेलेले पिल्लू परीक्षा आल्या की जड होते, हे त्या लोकांनी पाहिलेले असते. शांत झालेले, घराची सवय असलेले प्रौढ कुत्रे बहुतेक कुटुंबांस अधिक सोयीचे. तरीही सारे पिल्लूच मागतात.

जनावर घरी गेल्यावरही चौकशी चालू राहते. न जमल्यास ते आश्रयातच परत आणून द्यावे, बाजारात सोडू नये, असे बजावून सांगितलेले असते. आणि परत आणणाऱ्यास कोणी बोल लावीत नाही.